एक शेगडी मोकळी

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, मुलगी चित्रकलेच्या क्लासला गेलीये आणि मी चक्क ऑफिसचा विचार करत बसलोय. (सवय वाईट!) त्याचं असं झालं, की काल संध्याकाळी, म्हणजे लोक सॅक अडकवून निघायच्या बेतात असतात नेमकं तेव्हा, आमच्याकडे पुढच्या तीन महिन्यांच्या प्लॅनिंगची मीटिंग झाली. भिंतीवर भला मोठा तक्ता. डावीकडे माणसांची नावं, वर आठवडे, मध्ये टक्के. सगळ्यांच्या नावासमोर १००, १००, १००... आणि एका मुलीच्या नावासमोर ८०. लगेच कुणीतरी म्हणालं, "हिचे वीस टक्के फ्री दिसतायत, ते आमच्याकडे वळवा ना!" दोन मिनिटांत वळवलेसुद्धा. ती मुलगी त्याच खोलीत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसलो.

रात्री झोप लागेना. कारण असा तक्ता मी स्वतःच्या हाताने केलाय, आणि त्याचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहून टाकतो.

गोष्ट २००८ सालची. मला नुकताच 'मॉड्यूल लीड' हा किताब मिळाला होता. पगार फारसा वाढला नाही, पण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचं लायसन्स मिळालं! पहिले दोन दिवस मी नवीन खेळणं मिळाल्यासारखा खेळलो. एक टास्क टाकायचा, तो कशावर अवलंबून आहे ते सांगायचं, त्याला एक माणूस चिकटवायचा, की आपोआप निळा पट्टा तयार. एखाद्याच्या डोक्यावर एका वेळी दोन कामं आली की त्याचं नाव लाल. मग 'लेव्हलिंग' केलं की पट्टे मागेपुढे सरकतात आणि लाल रंग गायब. काय मस्त!

फक्त एक भानगड व्हायची. लेव्हलिंग केलं की शेवटची तारीख पुढे जायची. आणि तारीख तर क्लायंटला आधीच सांगून झालेली. (आधी तारीख ठरते आणि मग प्लॅन होतो, हे तुमच्याकडेही असंच असणार. नसेल तर तुमच्या कंपनीत जागा आहे का ते कळवा.) मग मी रात्री उशिरापर्यंत बसून पट्टे इकडचे तिकडे करत राहिलो. शेवटी जमलं. पाच माणसं, दहा आठवडे, सगळे शंभर टक्के, लाल काही नाही, पांढरी जागा काही नाही. मॅनेजरने पाठ थोपटली. "याला म्हणतात प्लॅन!"

त्या पाचांत सोलापूरकडचा एक मुलगा होता. दीड वर्षाचा अनुभव, कामाला वाघ, बोलायला गाय. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी त्याने दोन महिने आधी आठवडाभराची रजा मागितली. मी ती आनंदाने मंजूर केली. पण प्लॅनमध्ये टाकली नाही. विसरलो असं आजवर स्वतःला सांगत आलोय, पण विसरलो नव्हतो. टाकून बघितली होती. टाकली की पट्टा सरकायचा आणि तारीख चुकायची. म्हणून काढून टाकली. म्हटलं, बघू, वेळ आली की करू काहीतरी ॲडजस्ट.

वेळ आली. टेस्टिंगसाठी लागणारा डेटा चार दिवस उशिरा मिळाला, कारण तीन प्रोजेक्ट्सना मिळून डीबीए एकच. तोही बिचारा शंभर टक्के भरलेला. ते चार दिवस सरकत सरकत नेमके लग्नाच्या आठवड्यात जाऊन बसले. मी त्या मुलाला बोलावून म्हटलं, "अरे, लग्नाला जा की, नाही कोण म्हणतंय? फक्त लॅपटॉप घेऊन जा." वर उदारपणे ऑफिसचं डेटा कार्डही दिलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी बिल्ड चालेना. मी फोन केला. "दहा मिनिटांचं काम आहे रे." दहाचा सव्वा तास झाला. त्याने मंगल कार्यालयाच्या एका खोलीत बसून बिल्ड चालू करून दिलं. लग्नाला गेलेल्या टीममधल्या दुसऱ्या मुलाने मला नंतर सांगितलं, की त्या सव्वा तासात कानपिळी झाली. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान बायकोच्या भावाचा. सख्खा भाऊ हा एकच. दोनदा बोलावणं पाठवलं, मग गुरुजी थांबेनात, शेवटी मामेभावाने कान पिळला.

आणि ती रिलीज? क्लायंटची माणसं तपासायलाच तयार नव्हती. त्यांनीच तारीख तीन आठवडे पुढे ढकलली.

तो मुलगा परत आला, सगळ्यांना बुंदीचे लाडू वाटले, मला दोन दिले. एक शब्द बोलला नाही. सात-आठ महिन्यांनी दुसरीकडे गेला. अजून दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवतो. मी अजून त्याची माफी मागितलेली नाही.

असो.

तेव्हापासून मी ह्या शेड्यूलिंग नावाच्या प्रकाराबद्दल मिळेल ते वाचत आलोय. आणि माझं ठाम मत झालंय, की माणसाला शंभर टक्के भरणं हा नुसता निर्दयपणा नाही, तो हिशेबातलाही चुकारपणा आहे. निर्दयपणाचं कुणाला काही वाटत नसेल तर निदान हिशेब तरी बघा.

ज्या पट्ट्यांच्या तक्त्याला आपण गँट चार्ट म्हणतो, तो हेन्री गँट ह्या अमेरिकन इंजिनियरच्या नावाने ओळखला जातो. त्याचे तक्ते १९१० च्या दशकातले, आणि कारखान्यातले. नंतर १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत निघाली, आणि १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट निघालं. क्रिटिकल पाथ म्हणजे कामांची अशी सर्वांत लांब साखळी, की जिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर अख्खा प्रोजेक्ट एक दिवस लांबतो. कल्पना झकास आहे. पण मूळ हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : काम सुरू करायची वेळ आली की ते करणारा माणूस मोकळा असेलच. आमचा डीबीए ह्या हिशेबात कुठेच नव्हता. त्याच्यावर तीन प्रोजेक्ट्सचे तीन क्रिटिकल पाथ येऊन आदळत होते, आणि तिन्ही तक्त्यांत सगळं आलबेल होतं.

आता गंमत बघा. एखाद्या माणसाकडे कामं आपापल्या मर्जीने, कधीही येतायत, आणि एका कामाला सरासरी एक तास लागतो, असं समजू. रांगांच्या गणितातलं हे सगळ्यात साधं उदाहरण. तो माणूस ५० टक्के भरलेला असेल तर आपल्या कामाचा नंबर लागायला सरासरी १ तास थांबावं लागतं. ८० टक्के भरला असेल तर ४ तास. ९० टक्क्यांना ९ तास. आणि ९५ टक्क्यांना १९ तास! काम तेवढंच, एका तासाचं. माणूस तोच, तितकाच हुशार. शेवटचे पंधरा टक्के 'वसूल' केल्याबद्दल बाकीच्या सगळ्यांनी पंधरा तास जास्त थांबायचं. आणि १०० टक्क्यांना? त्याला उत्तर नाही, रांग वाढतच जाते. पुण्यात संध्याकाळी सात वाजता कुठल्याही मोठ्या चौकात उभं राहिलात तर हे गणित फुकट शिकायला मिळतं. रस्त्याचा इंच न् इंच वापरात आहे, शंभर टक्के युटिलायझेशन, आणि हलत कुणीच नाही.

दुसरा हिशेब अंदाजांचा. १९९४ साली बुहलर, ग्रिफिन आणि रॉस ह्या तिघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळं बिनसलं तर किती? ४९ दिवस. प्रत्यक्षात किती लागले? ५५ च्या वर! म्हणजे आपण वाईटात वाईट म्हणून जे धरतो, वस्तुस्थिती त्याच्याही पुढे असते. आपण इंजिनियर लोक काही वेगळे नाही. "दोन दिवसांत होईल" म्हणताना डोळ्यांसमोर जो दिवस असतो, त्या दिवशी मीटिंग नसते, लाइट जात नाही आणि मूल आजारी पडत नाही.

त्यात कामं एकमेकांत अडकलेली. समजा चार मॉड्यूल्स एकत्र जोडायची आहेत आणि प्रत्येक वेळेवर व्हायची शक्यता ८० टक्के आहे. चांगलीच म्हणायची! पण चारही वेळेवर व्हायची शक्यता ४१ टक्के उरते. प्रत्येक लीड आपल्या जागी खरं बोलतोय आणि प्रोजेक्ट तरी उशिरा होतोय, ही जादू अशी घडते.

मग काय करायचं, माणसं वाढवायची? फ्रेड ब्रुक्सने आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावर १९७५ साली त्याने पुस्तक लिहिलं, आणि त्यात आधीच उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं घातली तर उशीर वाढतो, असं सांगून ठेवलं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि पाच माणसांत बोलण्याच्या १० जोड्या असतात त्या दहा माणसांत ४५ होतात. हे आपण सगळ्यांनी वाचलंय. निदान वाचलंय असं इंटरव्ह्यूमध्ये सांगितलंय.

पण मला त्याहून भारी वाटतं ते रॉन ग्रॅहम ह्या गणितज्ञाचं १९६६ सालचं काम. त्यात माणसं नाहीत, नुसती यंत्रं आहेत. म्हणजे रुसवेफुगवे, शिकवणं, काही नाही. त्यावरचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे : नऊ कामं, तीन यंत्रं, कामांचा क्रम ठरलेला. सगळं १२ तासांत संपतं असं धरा. आता चौथं यंत्र आणा. लागतात १५! बरं, चौथं यंत्र नको, तीनच ठेवा, पण प्रत्येक काम एक-एक तासाने लहान करा. लागतात १३! मी कागदावर पट्टे काढून दोनदा तपासलं, खरंच आहे. कारण असं, की आधीची कामं पटपट संपली की क्रमातली पुढची छोटी कामं सगळी यंत्रं अडवून बसतात, आणि सगळ्यात लांबलचक काम, जे लवकर सुरू व्हायला हवं होतं, ते ताटकळत राहतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे सध्या प्रत्येक प्लॅनिंगमध्ये एक वाक्य असतंच : "आता एआय आहे ना, कोडिंग अर्ध्या वेळात होईल, मग दुप्पट काम घ्या." कोडिंग होईलही अर्ध्या वेळात. पण ते कोड तपासणारा सीनियर तोच, टेस्टिंगचं मशीन तेच, 'हो' म्हणणारा क्लायंट तोच. त्यांच्यासमोरची रांग दुप्पट होणार. साखळीतली एक कडी वेगवान केल्याने साखळी वेगवान होत नाही, हे यंत्रांनाही कळतं.

इतकं सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे मला माहीत होतं. आईमुळे.

गणेश चतुर्थीला आमच्या घरी एकवीस उकडीचे मोदक. आरती साडेबाराला. मोदकपात्र एक, त्यात एका वेळी अकराच मावतात, म्हणजे दोनदा लावणं आलं. गॅसच्या शेगड्या तीन. नारळ आदल्या रात्रीच खवून ठेवलेला, सारणही रात्रीच, कारण सारण थांबू शकतं. उकड मात्र सकाळीच, कारण ती गार झाली की पारी फाटते. मळायला आई, पाऱ्या करायला काकू, आणि कळ्या पाडण्याच्या नावाखाली लुडबुड करायला आम्ही. क्रिटिकल पाथ म्हणजे काय हे आईला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं पात्र एक मिनिट रिकामं राहायचं नाही.

आणि ह्या सगळ्या धांदलीत तिसरी शेगडी मोकळी असायची. वरण, भाजी, सगळं दोन शेगड्यांवर आलटून पालटून. मी एकदा (इंजिनियरिंगला असताना, म्हणजे अक्कल नुकतीच फुटली होती) तिला म्हटलं, "आई, ही शेगडी वापर की, अर्धा तास वाचेल." ती म्हणाली, "असू दे. कुणी आलं तर चहा टाकायला लागतो. पहिले मोदक फुटले तर दुसरी उकड काढायला लागते." दरवर्षी कुणीतरी यायचंच. दोन-तीन वेळा उकडही बिघडली. आरती साडेबाराला चुकली असं मात्र मला आठवत नाही.

ती शेगडी रिकामी नव्हती. ती चहासाठी ठेवलेली होती. तक्त्यात हे दिसत नाही. तक्त्यात ती 'वीस टक्के फ्री' दिसते.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता उपदेश करतोय. पहिला आक्षेप बिलिंगचा. सर्व्हिस कंपनीत माणसाच्या तासांचे पैसे मिळतात, मोकळा तास म्हणजे तोटा. मान्य. पण उशीर झाल्यावर जे शनिवार-रविवार जातात, जी माणसं सोडून जातात आणि नवीन माणसं शिकेपर्यंत जे महिने जातात, ते कुठल्या खात्यावर टाकायचे? ते तक्त्यात नसतं म्हणून फुकट असतं असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मोकळा वेळ दिला की काम पसरून तो खाऊन टाकतं. पार्किन्सनने हे १९५५ सालीच थट्टेत लिहून ठेवलंय, आणि मी स्वतः ते करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारी जमात आपली! ह्याला गोल्डरॅटने १९९७ सालच्या 'क्रिटिकल चेन' ह्या पुस्तकात एक उपाय सुचवलाय : प्रत्येक टास्कच्या पोटात थोडी थोडी गादी लपवू नका, ती काढून सगळ्यांची मिळून एकच, सगळ्यांना दिसेल अशी, शेवटी ठेवा. म्हणजे कुणा एकाला उशीर झाला तर त्यातनं घेता येते, आणि किती उरली ते रोज कळतं. आईची शेगडी अशीच होती. वरणाची नाही, मोदकांची नाही, घराची.

मी हल्ली माझ्या टीमपुरतं काय करतो ते सांगतो. सगळ्यात आधी कॅलेंडरमध्ये रजा भरतो. लग्नं, परीक्षा, बाळंतपणं, गावची जत्रा, सगळं. टास्क त्यानंतर. कुणालाही ८० टक्क्यांच्या वर भरत नाही. एका वेळी एका माणसाला एकच मोठं काम. 'पन्नास टक्के इथे, पन्नास टक्के तिथे' हा प्रकार कागदावरच पन्नास-पन्नास असतो, प्रत्यक्षात माणूस दोन्हीकडच्या मीटिंगांना पूर्ण हजर असतो. आणि अंदाज विचारताना आकडा एक नाही, दोन विचारतो. लवकरात लवकर किती आणि बिनसलं तर किती. ह्याने आमचे प्रोजेक्ट जादूने वेळेवर होतात असं नाही. पण उशीर होणार हे दोन महिने आधी कळतं, दोन दिवस आधी नाही. आणि कुणाला मंगल कार्यालयातून लॉगिन करायला लागत नाही.

आणखी एक. मी माणसांना 'रिसोर्स' म्हणणं बंद केलंय. वाटतं तितकं सोपं नाही, जिभेला वळण पडलेलं असतं. पण "दोन रिसोर्स कमी पडतायत" ह्याऐवजी "दोन माणसं कमी पडतायत" असं म्हणून बघा. पुढचं वाक्य आपोआप बदलतं. रिसोर्सला बहीण नसते.

तुमच्यापैकी जे नवीन आहेत ते म्हणतील, हे आम्हाला काय सांगता, तक्ता आम्ही कुठे करतो? बरोबर आहे. दीड वर्षाच्या अनुभवावर, डोक्यावर घराचा हप्ता असताना, लीडला 'नाही' म्हणणं सोपं नसतं. तो मुलगाही म्हणू शकला नाही. म्हणूनच हे काम तक्ता करणाऱ्याचं आहे. पण दोन-चार वर्षांत तुमच्याही हातात ते लायसन्स येईल आणि कुणाची तरी रजा टाकल्यावर पट्टा सरकेल. त्या वेळी पट्टा सरकू द्या.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो ह्याचं एवढं मनाला लागलं ते ह्यासाठी. सोमवारी सकाळी पहिलं काम, त्या मुलीला जाऊन विचारणार, की ते वीस टक्के कशासाठी ठेवले होते? तक्ता मी केला नव्हता, त्यामुळे मला माहीत नाही. कदाचित रात्रीचा सपोर्ट असेल, कदाचित घरी कुणी आजारी असेल, कदाचित खरंच काही नसेल. नसलं तरी ते परत मागणार.

आणि आज, मुलीला क्लासवरून आणायच्या आधी, सोलापूरला एक फोन करायचाय. सतरा-अठरा वर्षं उशीर झालाय. म्हणजे आमच्या धंद्याच्या मानानेही जरा जास्तच.